कोमोचं तळं आणि शेजारचा फ्लॅट

इटलीत एकच दिवस हाताशी असेल तर लोक रोमला जा म्हणतात, नाहीतर व्हेनिसला. मी कोमोला गेलो, आणि त्याचं कारण कोमो नव्हतं. मिलानपासून आगगाडीने तासाभराचा रस्ता, शांत गाव, बसायला भरपूर बाकं, एवढंच मला हवं होतं. मला आईशी बोलायचं होतं.

मी मुळात कमी बोलणारा. शिकागोजवळच्या आमच्या शॉमबर्गच्या मराठी मंडळात गणपतीला मी खुर्च्या मांडतो आणि कार्यक्रम संपला की खुर्च्या उचलतो. मधल्या वेळात मी काय बोललो, हे कुणालाच आठवणार नाही. पण प्रवासाहून आल्यावर चार जणांनी विचारलं, "कोमो कसं आहे? जाण्यासारखं आहे का?" मी चौघांनाही "छान आहे" एवढंच सांगितलं. ते उत्तर खरं आहे, पण पुरेसं नाही. म्हणून हे लिहायला घेतलं.

शॉमबर्ग ते मिलान

आई एप्रिलमध्ये आली, बर्फ वितळल्यावर. इथे सगळ्यांचेच आईवडील तेव्हा येतात आणि पानं पिवळी पडायच्या आत परत जातात, सहा महिन्यांचा शिक्का घेऊन आलेल्या पाहुण्या पाखरांसारखे. तिच्या परतीच्या सुमारासच मला मिलानला आठवडाभराचं ऑफिसचं काम निघालं. मग तिचं तिकीट मिलानवरून काढलं. शुक्रवारी दोघांनी पोचायचं, शनिवार आमचा, रविवारी ती मुंबईच्या विमानात.

"अगोबाई, म्हणजे मला इटली दाखवणार तू?" आई खूश झाली. बिल्डिंगमधल्या सगळ्यांना तिने फोनवरून कळवलंही.

विमानतळावर निघताना वृंदा, माझी बायको, डिकीत बॅगा ठेवता ठेवता हळूच म्हणाली, "हे बघ, मी सांगणार नाही. तुझी आई आहे. तिला विमानात बसवायच्या आधी सांग. फोनवर तू जन्मात सांगणार नाहीस."

सांगायचं होतं ते एका वाक्याचं होतं: आम्ही आता परत येणार नाही.

अमेरिकेत आलो तेव्हा "दोन वर्षं काढतो आणि येतो" असं मी आईबाबांना सांगितलं होतं. आपल्यातल्या प्रत्येकाने सांगितलेलं असतं. पुढच्या वर्षीही मी दोन वर्षं म्हणालो, आणि त्याच्या पुढच्याही. ती दोन वर्षं दर वर्षी दोनच राहिली. मध्यंतरी नाशिकला आईबाबांच्या शेजारचा फ्लॅट विकायला निघाला तो मी घेतला, परत आल्यावर राहायला. मोठ्या हौसेने हॉलच्या छताला झोपाळ्याच्या कड्या बसवून घेतल्या. गवंडी म्हणाला होता, "साहेब, राहायला याल तेव्हा बसवू की." मी म्हटलं, "नाही, आत्ताच. आणि चांगल्या मजबूत." बाबा गेले, तेव्हा जाऊन आलो तो शेवटचा. फ्लॅटला कुलूपच राहिलं. किल्ली आईकडे. दर शनिवारी उघडते, झाडते, नळ सोडून ठेवते, असं ती सांगायची, आणि शॉमबर्गच्या स्वयंपाकघरात उभ्या उभ्या मी ते ऐकून घ्यायचो.

आणि या मे महिन्यात मी अमेरिकेचा नागरिक झालो. आई घरातच होती. मी टाय लावला, महत्त्वाची मीटिंग आहे म्हणालो. तिने तळहातावर दही-साखर ठेवलं. ती चव तोंडात असतानाच मी उजवा हात वर करून शपथ घेतली.

त्यात भर म्हणजे आई रोज सकाळी माझा चहा व्हायच्या आत कॉलिंग कार्डावरून नाशिकला शोभाला फोन लावायची. शोभा म्हणजे आईकडे पूर्वीपासून स्वयंपाकाला येणारी. "आज किती झाले?" "मटकी भिजत घातलीस का?" "वांगी महाग असतील तर राहू दे." मी ऐकायचो आणि मनात म्हणायचो, बघ, हिचं घर किती आठवतंय हिला. त्या मटकीचंही ओझं मी माझ्याच डोक्यावर घेतलं.

मिलानच्या विमानतळावर अमेरिकन पासपोर्टवाल्यांची रांग कुठे लागते ते न बघता मी आईबरोबर तिच्या रांगेत उभा राहिलो. माझा नवा निळा पासपोर्ट आईनेच दिलेल्या चामड्याच्या कव्हरात होता, वर गणपती.

"तुझा इथला व्हिसा कधी झाला रे? मला मेली केवढी धावपळ करावी लागली."

"ऑफिसने केला," मी म्हणालो.

एक खोटं झाकायला दुसरं लागतं हे आईनेच शिकवलं होतं, तिसरीत.

कोमो, सकाळ

आई बहात्तर वर्षांची. माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेली. सुती साडी, पायात पांढरे स्पोर्ट्स शूज, वर वृंदाचा जांभळा विंडचीटर, आणि खांद्याला पिशवी. तिच्यात पाणी, चिक्की आणि लसणाच्या चटणीची बाटली. ती जगात कुठेही मराठीतच बोलते आणि समोरच्याला ते कळतं. मी इंग्रजीत बोलतो, ते इटलीत फारसं कुणाला कळलं नाही.

गाडीत पहिला घोटाळा झाला. इटलीत तिकीट काढून भागत नाही, फलाटावरच्या यंत्रात ते घालून त्याच्यावर ठसा उमटवून घ्यावा लागतो. हे मला ठाऊक नव्हतं. तिकीट तपासनीस आला, कोरं तिकीट बघून त्याने दोन्ही हात आकाशाकडे नेले आणि जे सुरू केलं ते थांबेचना. मी "सॉरी, सॉरी" करत राहिलो. आई म्हणाली, "अहो, एवढं काय रागावता? पहिल्यांदाच आलोय आम्ही. घ्या, चिक्की घ्या." त्याने चिक्कीकडे पाहिलं, आईच्या शूजकडे पाहिलं, खिशातलं पेन काढून तिकिटावर तारीख खरडली आणि चिक्की घेऊन पुढे गेला.

"पाहिलंस? बोललं की सुटतं," आई म्हणाली.

तिच्या मनात काही नव्हतं. मला मात्र खिडकीबाहेर बघावं लागलं.

कोमोचं स्टेशन अगदी पाण्यालगत आहे. बाहेर पडलो, रस्ता ओलांडला आणि समोर तळं. दोन्ही बाजूंना हिरवे डोंगर सरळ पाण्यात उतरलेले, त्यांच्या अंगावर पिवळी, गुलाबी, विटकरी घरं. खालचं पाणी गर्द हिरवं आणि त्यावर सकाळचं ऊन. आई कठड्याला धरून बराच वेळ उभी राहिली.

"तुमच्या शिकागोच्या तळ्याला पलीकडचा काठच नाही," ती म्हणाली. "नुसतं पाणी. समुद्र म्हणावा तर खारट नाही, आणि तळं म्हणावं तर संपत नाही. याला काठ आहे. बघायला बरं वाटतं."

बोलायला ही जागा चांगली होती. मी म्हटलं, "आई, एक सांगायचं होतं."

"आधी देवळात जाऊ," ती म्हणाली. "परगावी आलं की आधी ग्रामदेवता."

ग्रामदेवता म्हणजे इथलं मोठं चर्च, दुओमो. पांढऱ्या संगमरवराचं, आणि त्याला खेटून पट्ट्यापट्ट्यांची जुनी दगडी इमारत, जणू चर्चने शेजाऱ्याच्या खांद्यावर हात टाकलाय. आई पायरीवर बसली आणि शूजच्या नाड्या सोडायला लागली. मी म्हटलं, "इथे काढत नाहीत." ती म्हणाली, "ते काढत नसतील." दारातला गणवेशातला माणूस धावत आला आणि "नो, नो, सिन्योरा" म्हणत खुणा करायला लागला. त्याला लोकांचे उघडे खांदे झाकायला सांगायची सवय असणार. पाय उघडे करणारी बाई त्याला पहिल्यांदाच भेटली असावी. शेवटी आईने नाड्या बांधल्या, पदर डोक्यावरून घेतला आणि आत जाऊन मेणबत्ती लावली.

"काय मागितलंस?" मी विचारलं.

"तुझ्यासाठीच," ती म्हणाली. "दुसरं काय मागणार?"

माझा पहिला प्रयत्न तिथेच संपला.

कोमो हे रेशमाचं गाव. एका अरुंद गल्लीतल्या दुकानात आई शिरली. दुकानदारीणबाईंनी तिच्यासमोर एकेक रुमाल पसरला. आईने प्रत्येक रुमाल दोन बोटांत धरून चोळला, उलटा केला, उजेडात धरला. "गुळगुळीत आहे," तिने निकाल दिला, "पण मागची बाजू बघ. आमच्या येवल्याची पैठणी मागून पुढून सारखी." हे तिने बाईंना मराठीत ऐकवलं. बाईंनी मान डोलावली, घड्याळ दाखवलं आणि आम्हा दोघांना दुकानाबाहेर काढून शटर ओढून घेतलं. साडेबारा वाजले होते. सगळी गल्ली धडाधड बंद होत होती.

आई हरखली. "अरे, हे तर आपल्याकडच्यासारखंच! दुपारची झोप! तुमच्या अमेरिकेत मेली रात्री बारालाही दुकानं उघडी. माणसं झोपतात कधी, जेवतात कधी?"

'तुमच्या अमेरिकेत' हे ती गमतीने म्हणते, वर्षानुवर्षं. मे महिन्यापासून मला ते टोचायला लागलं होतं.

जेवायला एका चौकात छत्रीखाली बसलो. शाकाहारी काय, या प्रश्नावर वेटरने पोलेंता आणली. मक्याच्या पिठाची, घट्ट, वाफाळलेली.

"ही तर मक्याची उकड," आईने पहिल्या घासाला ओळखलं. "ताक नाही, लसूण नाही, मिरची नाही. आजाऱ्याला द्यायची दिसते." पिशवीतून चटणी निघाली. वेटर थबकून बघत राहिला. आईने बशीच्या कडेला त्याच्यासाठीही चिमूटभर ठेवली. त्याने बोटाने चाखली, डोळे मिटले, खोकला, आणि आत जाऊन आचाऱ्याला घेऊन आला. पुढची पाच मिनिटं बाटली स्वयंपाकघरात होती. परत आली तेव्हा अर्धी झाली होती.

"चांगली माणसं आहेत," आई म्हणाली. "आपल्याकडे असती तर मी यांना नीट उकड करायला शिकवली असती. अशी मोठी कढई पाहिजे, आणि ढवळायला दोन बायका."

बहात्तराव्या वर्षी मोठी कढई आणि दोन बायका कशाला, हे मला तेव्हा विचारायला सुचलं नाही.

जेवणानंतर पाण्याच्या कडेकडेने चालत एका छोट्या घुमटाच्या संग्रहालयापर्यंत गेलो. विजेची बॅटरी शोधणारा शास्त्रज्ञ इथलाच. आई काचेआडचे तांब्या-जस्ताच्या चकत्यांचे ढीग बघून पुन्हा शिक्षिका झाली, मला प्रत्येक चकती समजावून सांगितली आणि बाहेर येताना म्हणाली, "इथे एवढा शोध लागला, आणि आमच्याकडे रोज चार तास लाइट नाही. तुम्ही आलात की इन्व्हर्टर घ्यावा लागेल हो."

"आई—"

"ती बघ बोट लागली! चल, चल."

बोटीवर

बोट तळ्यावर तासाभराची फेरी मारून परत आणते. आम्ही वरच्या उघड्या डेकवर बसलो. वारा मस्त होता. काठावरचे जुने बंगले पायऱ्या पाण्यात सोडून बसलेले, एकेका बंगल्याला बोट उभी करायला कमान. मी ठरवलं, आता बोट सुटली, आई कुठे जाऊ शकत नाही. आता सांगायचं.

तेवढ्यात जिन्यावरून एक झेंडा वर आला, आणि झेंड्यामागून आख्खा महाराष्ट्र. ग्रुप टूर. टोप्या, स्वेटर, कॅमेरे, "अहो इकडे या, इकडे सावली आहे," "पिंकी, रेलिंगला वाकू नको." आईचा चेहरा उजळला. आणि त्यातली पन्नाशीची एक बाई आमच्यासमोर आली, थांबली, आणि तिने दोन्ही हात गालांवर ठेवले.

"काकू! तुम्ही इथे? मग डबे कोण बघतंय?"

आईचा उजळलेला चेहरा मी विझताना पाहिला.

"कोण आपण?" आई म्हणाली. आईला खोटं बोलता येत नाही, हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं.

"अहो मी निकम, धुळ्याची! रोहितची आई! इंजिनिअरिंगच्या होस्टेलवर तुमचाच डबा येतो ना त्याचा. ॲडमिशनला आले होते तेव्हा तुमच्या किचनमध्ये बसून चहा घेतला की मी. केवढं ते स्वच्छ! तो म्हणतो मम्मी, बुधवारची मटकी तुझ्यापेक्षा काकूंची भारी." मग माझ्याकडे वळून, "हे कोण, मुलगा का? भाऊ, तुमच्या आईला हात जोडले पाहिजेत. या वयात आख्ख्या फ्लॅटभर स्वयंपाक चालवतात. चार-चार बायका पोळ्या लाटतायत, दारात डबेवाल्या पोरांच्या सायकली..."

"शेजारच्या फ्लॅटमध्ये?" मी विचारलं.

"हो, काकूंच्या शेजारचाच ना. मोठा हॉल आहे बघा तो."

आई तळ्याकडे बघत होती. निकमबाईंना कुणीतरी फोटोला हाक मारली म्हणून त्या गेल्या, जाताना आईच्या हातात भडंगाची पुडी ठेवून.

आता यापुढचं लिहायला मला जड जातंय. पण ते गाळायचं असेल तर लिहूच नये.

मला राग आला नाही. मला सुटल्यासारखं झालं. महिनोन्‌महिने मी एकटा गुन्हेगार होतो, आणि आता समोर दुसरा गुन्हेगार खाली मान घालून बसला होता. ही संधी मी सोडली नाही. चेहरा गंभीर केला.

"कधीपासून?" मी विचारलं.

"बाबा गेल्यावर," आई पुटपुटली. "घर खायला उठायचं रे. खालच्या देशपांड्यांच्या भाचीला कावीळ झाली म्हणून तिचा डबा सुरू केला. मग तिच्या मैत्रिणींनी मागितला. माझं स्वयंपाकघर पुरेना. मग एक दिवसापुरतं म्हणून तुझ्या फ्लॅटचं कुलूप काढलं..."

"एक दिवसापुरतं."

"हो. मग शोभा म्हणाली, उद्यापुरतं राहू द्या."

माझी दोन वर्षं आणि तिचा एक दिवस एकाच मापाचे होते, हे तेव्हा माझ्या लक्षात यायला हवं होतं. मी म्हणालो, "मला विचारायचंस तरी एकदा." हे वाक्य मी म्हणालो! मी, ज्याने दही-साखर खाऊन शपथ घेतली होती. आणि वर, "माझं घर होतं ते, आई," हेही म्हणालो.

बोट धक्क्याला लागेपर्यंत मी गप्प राहिलो. मला गप्प राहायला काही कष्ट पडत नाहीत. उतरल्यावर आईने मला आइस्क्रीम घेऊन दिलं, पिस्त्याचं, लहानपणी आवडायचं म्हणून. "राग आलाय ना?" तिने विचारलं. "नाही," मी अशा आवाजात म्हणालो की तिला 'हो' ऐकू यावं. आइस्क्रीम उत्तम होतं. मी ते रागावलेल्या माणसासारखं खाल्लं, पण सगळं खाल्लं.

ब्रुनाते

कोमोहून डोंगरावरच्या ब्रुनाते गावात दोरीने ओढली जाणारी छोटी रेल्वे जाते, फ्युनिक्युलर. डबा पायऱ्यापायऱ्यांचा, आणि चढ इतका उभा की खालच्या बागा, अंगणात वाळत घातलेले कपडे, टोमॅटोचे वेल, एक आळसावलेलं मांजर, सगळं तिरपं होऊन मागे घसरत जातं. एरवी आई यातल्या प्रत्येक गोष्टीवर बोलली असती. ती बोलली नाही. तिला गप्प बघणं इतकं वाईट असतं हे मला ठाऊक नव्हतं, पण मी तरीही तोंड उघडलं नाही.

वर पोचलो. सगळं तळं खाली, आमची मघाची बोट नखाएवढी. दूरवर डोंगरांमागे डोंगर, शेवटचे पांढरे. आम्ही बाकावर बसलो. आईने भडंगाची पुडी उघडली, मला दिली, स्वतः घेतलं नाही.

"मी ठरवलंय," ती म्हणाली. "बंद करते."

"काय?"

"डबे. आत्ताच शोभाला सांगते. पोरांना महिनाअखेरपर्यंत देऊ, मग दुसरीकडे सोय बघा म्हणावं. बायकांनाही कुठेतरी लावून देईन. रंग काढून घेते. तुम्ही आलात की तुम्हाला घर जसं होतं तसं पाहिजे." तिने पिशवीतून कॉलिंग कार्ड काढलं. "तिथे फोन दिसतोय."

आणि ती उठलीच. स्टेशनच्या भिंतीला टेलिफोन होता. जांभळा विंडचीटर घातलेली माझी आई त्या दिशेने चालायला लागली, पिशवी सावरत, उतारावर जपून पाय टाकत. नाशिकला रात्र पडली असणार. शोभा उद्याचं कडधान्य भिजत घालत असणार. आता एक फोन गेला की चार बायकांच्या पोळ्या, सायकलवाली पोरं, रोहित निकमचा बुधवार, सगळं बंद. कशासाठी? मी परत येणार म्हणून.

कार्ड अमेरिकेतलं होतं, इथे चालणार नव्हतं. हे मला माहीत होतं. क्षणभर मी त्याच्यावरही विसंबलो. तिचा फोन लागणार नाही, उद्या विमान आहे, पुढचं पुढे. खरंच मनात आलं हे.

तिने रिसीव्हर उचलून कानाला लावला होता, तेव्हा मी पळत गेलो.

"आई, थांब. नको करू. आम्ही येणार नाही."

"अं?"

"आम्ही परत येणार नाही. कधीच. मी तिकडचा नागरिक झालो. मे महिन्यात."

रिसीव्हरमधून इटालियन बाई काहीतरी सांगत होती. आई तो कानाला लावून तशीच उभी राहिली.

"मे महिन्यात तर मी घरी होते," ती म्हणाली.

"हो."

"मीटिंग आहे म्हणून टाय लावून गेलास, तो दिवस?"

"हो."

तिने रिसीव्हर जागेवर ठेवला. कार्ड पिशवीत टाकलं. "म्हणजे माझं दही-साखर त्याला गेलं," ती म्हणाली.

आम्ही बाकावर परत आलो. डोळे पुसले तिने एकदा, पदराने, आणि मीही रुमाल काढला. शेजारच्या बाकावरचं म्हातारं जोडपं सभ्यपणे दुसरीकडे बघायला लागलं.

"म्हणजे आता नाशिकला यायला तुला व्हिसा लागणार?" तिने विचारलं.

"लागणार."

"किती दिवसांचा देतात?"

"बराच देतात. लांब मुदतीचाही मिळतो."

"आम्हाला मेले सहा महिन्यांचा देतात," ती म्हणाली. मग माझ्या गुडघ्यावर थापटी मारली. "तू मघाशी बोटीवर एवढा फुगून बसला होतास, ते काय होतं रे?"

"नाटक," मी म्हणालो.

"वाटलंच. आइस्क्रीम सगळं संपवलंस." आणि ती हसायला लागली. पदर तोंडाला लावून, खांदे हलवत, शाळेतल्या बायका स्टाफरूममध्ये हसतात तशी. मग पुडी माझ्या हातातून ओढून घेऊन तिने भडंग खाल्लं. चांगलं मूठभर.

मला मोकळं वाटायला हवं होतं. वाटलंही. पण खाली जाताना, त्या तिरप्या डब्यात, आणखी एक गोष्ट लक्षात आली, आणि तीही सांगूनच टाकतो. इतकी वर्षं मी समजत होतो की आई वाट बघतेय. शनिवारी कुलूप उघडते, झाडते, नळ सोडते आणि वाट बघते. त्या चित्रावर मी किती रात्री जागलो. आणि तिकडे त्याच हॉलमध्ये चार बायका पोळ्या लाटत होत्या, मटकीला फोडणी बसत होती, पोरं डब्यांच्या पिशव्या सायकलला अडकवत होती. तिला माझी आठवण येत नव्हती असं नाही. तिला वेळ नव्हता. हे कळल्यावर आधी हलकं वाटलं, आणि मग, खरं सांगायचं तर, थोडं दुखलं.

परतीच्या गाडीत मी तिकिटांवर ठसा आठवणीने उमटवून घेतला. तिकीट तपासनीस मात्र आलाच नाही. आई खिडकीशी बसली होती. बाहेर मक्याची शेतं, उतरतं ऊन. मला वाटलं डोळा लागला, पण ती विचार करत होती.

"मग आता मधली भिंत पाडली तर चालेल का रे?"

"कुठली भिंत?"

"दोन्ही फ्लॅटच्या मधली. सारखं बाहेरून फिरून जावं लागतं. पातेली घेऊन. आणि ती नुसती विटांची आहे, भार सगळा बीमवर आहे. दाखवून ठेवलंय मी इंजिनिअरला."

"म्हणजे आधीच विचारून ठेवलंस?"

"नुसतं विचारायला काय जातं?"

मी हसलो. "पाड," मी म्हणालो. ती खूश होऊन सरसावून बसली आणि ओटा कुठून कुठे न्यायचा ते मला बोटाने काचेवर काढून दाखवायला लागली. मला त्या काचेवर माझा हॉल दिसत होता, रिकामा, स्वच्छ झाडलेला, मी शेवटचा पाहिला होता तसा.

"आणि त्या कड्या?" मी विचारलं. "छताच्या?"

"कड्या?" तिला आधी लक्षातच येईना. मग आलं. "हां, त्या होय! त्या कशाला काढू? कांद्याच्या पिशव्या टांगते मी त्यांना. चांगल्या मजबूत बसवून घेतल्यास हो."